हप्त्याहप्त्याने आलेला आवाज : सुट्या ध्वनियंत्रणेचा इतिहास

१९७८ साली लंडनस्थित ‘नॅड’ कंपनीने बाजारात आणलेला अ‍ॅम्प्लिफायर दिसायला अगदीच सामान्य होता. करड्या-तपकिरी रंगाची बुटकी पेटी, पुढे काही बटणे, एका बाजूला २० वॅट ही माफक क्षमता. नाव ‘३०२०’. या यंत्राचे महत्त्व मात्र मागच्या बाजूला होते. तेथे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वाकवलेले धातूचे दोन तुकडे सॉकेटांत खोचलेले असत. ते उपसून काढले की एका यंत्राची दोन यंत्रे होत. आवाज कमीजास्त करणारा आणि कोणता स्रोत ऐकायचा ते निवडणारा प्रीअ‍ॅम्प एकीकडे, आणि स्पीकर हलवण्याचे बळ देणारा पॉवर अ‍ॅम्प दुसरीकडे. आज परवडत नसलेला मोठा पॉवर अ‍ॅम्प दोन वर्षांनी घ्यावा आणि तो या सॉकेटांना जोडावा, अशी ती सोय होती.

घरातील ध्वनियंत्रणा सुट्या पेट्यांची असणे हा श्रीमंतांचा षोक आहे, असा सार्वत्रिक समज आहे. महागड्या दुकानांच्या काचेआड मांडलेल्या यंत्रांकडे पाहिल्यास तो खराही वाटतो. परंतु या सुटेपणाचा इतिहास तपासला तर त्याच्या मुळाशी श्रीमंती क्वचितच सापडते. एकरकमी पैसे नसलेल्या, पण हातात कसब असलेल्या माणसांनी ही पद्धत घडवली. हा धागा त्या माणसांचा आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षे सुखवस्तू घरांत जे यंत्र असे, त्याला रेडिओग्राम म्हणत. रेडिओ, तबकडी फिरवणारे यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर हे सगळे पॉलिश केलेल्या एकाच लाकडी कपाटात असे. ते फर्निचर म्हणून विकले जाई आणि फर्निचर म्हणूनच पारखले जाई. आतला स्पीकर हलका निघाला तर तो बदलण्याची सोय नसे. एक भाग जुना झाला की सगळे कपाटच जुने होई.

या कपाटाला पहिला मोठा तडा गेला तो एका मासिकातील लेखाने. एप्रिल आणि मे १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या स्कॉटिश अभियंत्याने उच्च दर्जाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा दोन भागांत प्रसिद्ध केला. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. केटी-६६ जातीच्या दोन निर्वात नळ्या, १५ वॅटची क्षमता आणि एक दशांश टक्क्याहून कमी विकृती, हे त्या आराखड्याचे सार. त्या काळच्या घरगुती यंत्रांच्या तुलनेत हा आकडा अविश्वसनीय होता.

यामागील तत्त्व विल्यमसनचे नव्हते. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक याला ऑगस्ट १९२७ मध्ये नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर ते सुचले होते आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ते टिपून ठेवले होते. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. मग यंत्राने स्वतः केलेल्या चुका स्वतःच खोडल्या जातात. याला ऋण प्रतिभरण म्हणतात. टेलिफोनच्या दूरवरच्या तारांसाठी शोधलेली ही युक्ती विल्यमसनने दिवाणखान्यात आणली. त्यासाठी लागणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर फार काटेकोर हवा होता, आणि तो कसा गुंडाळायचा याचा तपशीलही त्याने लेखात देऊन टाकला.

विल्यमसन अ‍ॅम्प्लिफायर विकत नव्हता, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. त्याने कृती दिली. यंत्र वाचकाने करायचे होते. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये शिधावाटप चालू होते, नव्या वस्तू दुर्मीळ होत्या, पण सैन्याने काढून टाकलेले रेडिओचे भाग बाजारात मुबलक होते. आणि सैन्यानेच सोल्डरिंग शिकवलेले हजारो तरुण घरी परतले होते. अमेरिकेतही तेच चित्र होते. नोव्हेंबर १९४९ मध्ये डेव्हिड सार्सर आणि मेल्विन स्प्रिंकल या दोघांनी विल्यमसनच्या आराखड्याला अमेरिकी नळ्यांचा साज चढवून तो ‘ऑडिओ इंजिनीअरिंग’ मासिकात छापला. सार्सर हा टॉस्कानिनीच्या एनबीसी सिम्फनी वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक होता. वादकाला स्वतःच्या वाद्याचा खरा आवाज घरी ऐकण्यासाठी हाती सोल्डरिंगची इस्त्री घ्यावी लागली, यातच रेडिओग्रामविषयीचा अभिप्राय आला.

न्यूयॉर्कच्या कोर्टलँड स्ट्रीट परिसरात ‘रेडिओ रो’ नावाचा बाजार होता. नळ्या, ट्रान्सफॉर्मर, चासी आणि सैन्याचा उरलासुरला माल तेथे रस्त्यावर मांडून विकला जाई. १९६० च्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटर उभारण्यासाठी तो जमीनदोस्त करण्यात आला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या बाजाराचे चित्र डोळ्यांसमोर आणण्यासाठी छायाचित्राची गरज नाही.

सुट्या भागांपासून यंत्र उभे करणे सर्वांना जमण्यासारखे नव्हते. ही उणीव ‘किट’ने भरून काढली. मिशिगनमधील हीथ कंपनी मुळात जुळणीच्या विमानांची किट विकत असे. १९४७ मध्ये तिने युद्धातील उरलेले भाग वापरून ऑसिलोस्कोपचे किट ३९ डॉलर ५० सेंटला काढले, आणि जे उपकरण फक्त प्रयोगशाळांना परवडे ते हौशी माणसाच्या टेबलावर आले. अ‍ॅम्प्लिफायरची किटही मागोमाग आली. परंतु या क्षेत्रात सर्वात खोल ठसा उमटवला तो फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफ्लरने.

हाफ्लर आणि त्याचा भागीदार हर्बर्ट केरोस ट्रान्सफॉर्मर बनवत असत. १९५१ साली त्यांनी विल्यमसनच्या आराखड्यात मोलाची सुधारणा सुचवली. त्यानंतर काही वर्षांनी हाफ्लरने एड लॉरेंटच्या साहाय्याने ‘डायनाको’ उभी केली. त्याचा हिशेब साधा होता. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खरा कस ट्रान्सफॉर्मरचा आणि विद्युतमंडलाच्या आखणीचा. हे दोन्ही कंपनीने करावे. नाजूक भाग छापील पट्टीवर आधीच बसवून द्यावेत. उरलेले काम, म्हणजे स्क्रू पिळणे, तारा कापणे, टोके सोल्डर करणे, ग्राहकाने करावे. १९५९ चा ‘स्टिरिओ ७०’ किटच्या रूपात ९९ डॉलर ९५ सेंटला मिळे. तयार हवा असेल तर १२९ डॉलर ९५ सेंट. ग्राहकाच्या काही तासांच्या श्रमाची किंमत जाहिरातीतच छापलेली होती, तीस डॉलर. या एका नमुन्याचे साडेतीन लाखांहून अधिक नग विकले गेल्याचे सांगितले जाते.

स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर आला तरी स्पीकरचा प्रश्न उरला होता. खर्जाचे स्वर नीट ऐकायचे तर स्पीकरची पेटी कपाटाएवढी हवी, ही त्या काळची समजूत होती आणि तत्कालीन तंत्रात ती बरोबरही होती. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने ती ठेवायची कोठे?

उत्तर आले ते एडगर विल्चर या शिक्षकाकडून. न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनाचा वर्ग घेणाऱ्या विल्चरच्या लक्षात आले की, स्पीकरचा पडदा पूर्ववत जागी आणणारी ताठर कापडी किनार हीच विकृतीचे मूळ आहे. ती किनार त्याने सैल केली, पेटी हवाबंद केली, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. हवेची स्प्रिंग कापडाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी नियमित वागते. पेटी लहान असणे ही आता तडजोड राहिली नाही, ती गरज झाली. १९५४ मध्ये विल्चर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. फडताळावर मावणारा त्यांचा स्पीकर कपाटाएवढ्या पेट्यांना खर्जात मागे टाकू लागला. पुढे १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांचा ‘एआर-४एक्स’ साठ डॉलरच्या आसपास मिळू लागला.

या शोधाची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. असा स्पीकर आळशी असतो; तेवढाच आवाज काढायला त्याला अधिक वॅट लागतात. विल्चरची लहान पेटी हाफ्लरच्या स्वस्त वॅटांवाचून अर्थहीन ठरली असती, आणि हाफ्लरच्या वॅटांना विल्चरसारखा ग्राहक मिळाला नसता तर ते कोणासाठी होते हा प्रश्नच होता. दोन वेगळ्या शहरांतील दोन वेगळ्या कंपन्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. एआरच्या जाहीर प्रात्यक्षिकांत प्रत्यक्ष वादकांच्या शेजारी स्पीकर ठेवून तुलना केली जाई, आणि ते स्पीकर डायनाकोच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालत. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एआरची एक खोली होती. कोणीही आत जाऊन बसावे, ऐकावे आणि उठून जावे. तेथे काहीही विकले जात नसे.

१९५८ मध्ये स्टिरिओ तबकडी बाजारात आली आणि सुटेपणाची पहिली खरी परीक्षा झाली. रेडिओग्राम असलेल्या घरात सगळे कपाट बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्याच्याकडे सुट्या पेट्या होत्या, त्याने तबकडीवरची सुई बदलली, आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर आणि आणखी एक स्पीकर आणला. जुने काहीही फुकट गेले नाही. सुट्या यंत्रांचा लाभ केवळ आवाजाच्या दर्जात मोजणाऱ्यांच्या नजरेतून हा मुद्दा निसटतो. समान पैशांत एकच पेटी घेतली तर ती कित्येकदा अधिक चांगली वाजते, कारण तीन पेट्या म्हटल्या की तीन आवरणे, तीन वीजपुरवठे आणि मधल्या केबली यांचा खर्च आलाच. सुटेपणाचा लाभ काळात आहे. तंत्र बदलते तेव्हा फक्त बदललेल्या भागाचेच पैसे मोजावे लागतात.

मग कोणता भाग आधी घ्यावा? या प्रश्नावरून रणे माजली. विल्चरच्या पिढीचे उत्तर ‘स्पीकर’ हे होते, कारण सर्वाधिक विकृती तेथेच होते. १९७३ मध्ये ग्लासगोजवळ ‘लिन’ कंपनी काढणाऱ्या आयव्हर टीफेनब्रनने हे उलटे केले. तबकडीवरून जे उचललेच गेले नाही ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, तेव्हा पहिला पैसा तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर घालावा, असे त्याचे म्हणणे. गमतीचा भाग असा की, लिनच्या टर्नटेबलमधील स्प्रिंगांवर तरंगणारी रचना विल्चरनेच १९६१ मध्ये साठ डॉलरच्या आतील टर्नटेबलात रुजवली होती. टीफेनब्रनचा युक्तिवाद तबकडीच्या काळापुरता बिनतोड होता. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली, स्वस्त आणि महाग स्रोतांमधील अंतर झपाट्याने आटले, आणि तोलकाटा पुन्हा स्पीकरकडे झुकला. आजही तो तेथेच आहे.

होम थिएटरची कथाही याच सुट्या पेट्यांतून निघते. १९७० च्या सुमारास हाफ्लरने एक युक्ती प्रसिद्ध केली. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या धन टोकांमध्ये आणखी स्पीकर जोडून ते श्रोत्याच्या मागे ठेवायचे. दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज तेथे आपोआप वजा होतो आणि उरतो तो फक्त फरक, म्हणजे सभागृहाचा घुमार. कोणत्याही नव्या यंत्राविना, केवळ तारेच्या खर्चात, खोली आवाजाने वेढली जाई. (आजच्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरांची आतली रचना वेगळी असते, त्यांच्यावर हा प्रयोग केल्यास ते जळू शकतात.)

डॉल्बी स्टिरिओने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून चित्रपटगृहांत जे केले त्याचे मागील बाजूचे सूत्र याच जातकुळीचे होते. चार वाहिन्यांचा आवाज दोन वाहिन्यांत गुंफायचा, आणि मागचा आवाज डाव्या-उजव्यातील फरकाच्या रूपात लपवायचा. चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आले तेव्हा हा लपलेला आवाजही कॅसेटबरोबर घरी आला. १९८२ मध्ये तो उलगडणारे घरगुती डीकोडर ‘डॉल्बी सराउंड’ या नावाने निघाले; १९८७ च्या ‘प्रो लॉजिक’ने संवादांसाठी मधली वाहिनीही वेगळी काढली. ज्याच्या घरी सुटा स्टिरिओ होता त्याला एक डीकोडर, एखादा लहानसा अ‍ॅम्प्लिफायर आणि माळ्यावर टाकलेले जुने स्पीकर एवढ्यावर चित्रपटगृह उभे करता आले.

त्यानंतर चक्र उलटे फिरले. डिजिटल आवाज १९९५ मध्ये लेझरडिस्कवर आणि १९९६-९७ मध्ये डीव्हीडीवर आला. पाच वाहिन्या आणि एक खर्जाची वाहिनी, म्हणजे सुट्या पद्धतीने किती पेट्या आणि किती तारा! सामान्य ग्राहकाला ते नको होते. डीकोडर, प्रीअ‍ॅम्प, रेडिओ आणि पाच अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात कोंबलेला एव्ही रिसीव्हर घरोघर पोहोचला, आणि पाठोपाठ खेळयंत्र व स्पीकरांसकट सगळेच एका पुठ्ठ्याच्या पेटीत विकले जाऊ लागले. काहींच्या स्पीकरांचे सॉकेटही जगावेगळे असत. दुसरे काही जोडण्याची सोयच नसे. रेडिओग्राम पुन्हा अवतरला होता, या वेळी प्लास्टिकमध्ये.

पाच वाहिन्यांना एकाच वीजपुरवठ्यावर पोसायचे म्हटले की छापील वॅट आणि खरे वॅट यांत दरी पडते. ही दरी जुनी आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात वॅटांच्या आकड्यांची इतकी लयलूट झाली की फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये मापनाचे नियम घालून द्यावे लागले. भारतात १९९० च्या दशकात म्युझिक सिस्टिमवर चिकटवलेले ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे अनेकांना आठवत असतील. क्षणार्धाच्या काल्पनिक शिखराचा तो आकडा यंत्राच्या नित्य क्षमतेविषयी काहीच सांगत नसे.

खऱ्या वॅटांचे गणितही मोठे कृपण आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटणारा आवाज हवा तर सुमारे दसपट शक्ती लागते. त्यामुळे ८० वॅटच्या रिसीव्हरला १०० वॅटचा सुटा पॉवर अ‍ॅम्प जोडणाऱ्याच्या पदरी मुख्यतः समाधान पडते. त्याच पैशात ३ डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर आणला तर अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट झाल्यासारखेच होते. टॉमलिन्सन हॉलमन यांच्या मार्गदर्शनाखाली टीएचएक्सने घरगुती यंत्रणेसाठी आखलेल्या रचनेत ८० हर्ट्झखालचे स्वर स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे वळवले जातात. सर्वाधिक शक्ती खाणारा भार त्यामुळे मुख्य अ‍ॅम्प्लिफायरवरून उतरतो. बेताच्या पैशांत घर सुधारणाऱ्याला यातून क्रमही मिळतो: आधी पुढचे स्पीकर, मग सबवूफर, पॉवर अ‍ॅम्प त्यानंतर, आणि सुटा प्रोसेसर सर्वात शेवटी.

प्रोसेसर शेवटी, कारण तोच सर्वात लवकर शिळा होतो. २००२ मध्ये एचडीएमआय आले, २०१३ मध्ये त्याची २.० आवृत्ती, २०१७ मध्ये २.१, दर वेळी चालू स्थितीतले महागडे प्रोसेसर मागे पडले. पॉवर अ‍ॅम्पला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्याकडे येतो तो एक साधा विद्युतसंकेत, आणि तो विल्यमसनच्या वेळी जसा होता तसाच आहे. म्हणून जाणकार लोक मध्यम किमतीचा रिसीव्हर घेताना प्रथम त्याच्या मागे ‘प्री-आउट’ आहेत की नाहीत ते पाहतात. पुढे तोच रिसीव्हर प्रोसेसर म्हणून राबतो, आणि जड काम वापरलेल्या बाजारातून आणलेला पॉवर अ‍ॅम्प करतो. नॅडच्या त्या वाकड्या तुकड्यांचीच ही सोय, फक्त दोनांच्या जागी पाच-सात सॉकेट.

ती सॉकेटही पाहण्याजोगी आहेत. वाटोळी, मध्ये एक छिद्र, बाहेर पत्र्याचे कडे. नॅडच्या मागे तीच होती, आजच्या रिसीव्हरच्या मागे तीच आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ही स्वस्त जोडणी तयार केली ती आपल्या रेडिओग्रामच्या आतल्या भागांसाठी. कपाटाच्या पोटात तबकडीचे यंत्र रेडिओला जोडलेले असे, आणि दुरुस्तीला आलेल्या कारागिराला ते चटकन सुटे करता यावे एवढाच तिचा हेतू होता. ग्राहकाचा हात तिला कधी लागेल, अशी तेव्हा कोणाचीच अपेक्षा नव्हती.